पंचनामा झाला का?

मयताच्या घरी काय बोलावं याची आपल्याकडे ठरलेली वाक्यं आहेत. 'वाईट झालं', 'देवाच्या मनात होतं तसं झालं', 'आता लेकरांकडं बघा'. एवढं बोललं की माणूस भिंतीला टेकून बसायला मोकळा. एकनाथबापूंना यातलं एकही वाक्य कधी जमलं नाही. ते दारात उभे राहायचे, रडणं जरा ओसरायची वाट पाहायचे आणि घरातल्या त्यातल्या त्यात शुद्धीवर असलेल्या माणसाला विचारायचे, "पंचनामा झाला का?"

जालना जिल्ह्यात हसनाबाद आणि राजूरच्या मधल्या पट्ट्यात कोणी शॉक लागून गेलं, साप चावून गेलं, ट्रॅक्टरखाली आलं, की बापू मिळेल त्या गाडीनं तिथं पोचायचे. त्यांना कोणी बोलावलेलं नसायचं. मयत शेतकऱ्याचं असलं तर सरकारी मदत मिळते, पण पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमार्टेम झालेलं नसेल तर मिळत नाही, एवढीच एक गोष्ट त्यांना सांगायची असायची. ती सांगण्याची त्यांची पद्धत मात्र इतकी वाईट होती की ऐकणाऱ्याच्या अंगाचा भडका उडावा. घरात प्रेत आणि हा माणूस म्हणतोय, जल्दी करू नका, आंघोळ घालू नका, तालुक्याला न्या. कोणी त्यांना वकिलाचा दलाल समजायचं, कोणी वेडा. टेंभुर्णीकडच्या एका गावात तर मयताच्या भावानं त्यांना गचांडी धरून ओट्यावरून खाली लोटलं होतं. हाताला सूज घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, "भाऊ तापट हाय, पण समजदार निघाला. मागून तालुक्याला न्यायला गाडी केली त्यानं."

आमच्या आणि त्यांच्या घराला मधली भिंत एकच. मी जालन्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे, पण शनिवार-रविवार गावीच असतो. बापूंचा आवाज मला त्या भिंतीतून ऐकू येत आला. पूर्वी तो सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. चहा ठेवायचं ते शेताच्या बांधावरून ओरडून सांगायचे. राजूरच्या बाजारात बैल घ्यायला लोक त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे, कारण सौदा तुटेपर्यंत भांडायचं आणि मग विकणाऱ्याच्याच पैशानं चहा प्यायचा ही कला त्यांच्याकडेच होती. कधी कधी भांडणाच्या भरात ते पार्टी बदलायचे आणि विकणाऱ्याच्या बाजूनं बोलू लागायचे. सोबत नेणाऱ्यानं कपाळाला हात लावला की म्हणायचे, "बैल चांगला हाय त्याला मी काय करू?"

एवढा दांडगा माणूस, पण कापणं, चिरणं, टोचणं म्हटलं की तिथं थांबायचा नाही. दारातल्या कडुलिंबाची फांदी आमच्या पत्र्यावर घासायची, पण तिला त्यांनी कुऱ्हाड लागू दिली नाही. घरात वारकऱ्यांची माळ नव्हती, तरी मटणाच्या दिवशी ते शेतात जाऊन बसायचे. गोऱ्ह्याचं खच्चीकरण करायला डॉक्टर आले की बापू गावातून गायब. त्यांच्या नातीचे, पिंकीचे कान टोचले त्या दिवशी तर ते पहाटेच राजूरला गणपतीला गेले आणि दुपार टळल्यावर परत आले. फाटकातूनच त्यांनी विचारलं, "झालं का? रडली का?" गावाला हसायला असं एखादं माणूस लागतंच. बापूंसमोर कोणी मुद्दाम विळीवर टरबूज घेऊन बसायचं आणि तेही शिव्या देऊन उठून जायचे.

त्यांचा मुलगा गजानन लहान असताना त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. टाच टमाट्यासारखी सुजली. डॉक्टर म्हणाले, छोटी चीर देऊन काढू. बापूंनी पोराला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यातून चालते झाले. घरी येऊन गूळ-बिब्ब्याचं काहीतरी बांधत बसले. पोरगं कितीतरी दिवस लंगडत होतं. गजानन हा त्यांना राजूरच्या गणपतीला नवस करून, फार उशिरा झालेला. त्याची आई तो रांगता असतानाच गेली. बापूंनी दुसरं लग्न केलं नाही. पोराला न्हाऊ घालण्यापासून भाकरीचा काला भरवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. अशा माणसाला पुढं काय विचारलं जाणार होतं, हे देवाला आधीच माहीत असेल तर तो देव फार निर्दय आहे असं मी म्हणेन.

गजानन विहिरीत पडून गेला. मोटार पाणी ओढत नव्हती, पाइपाच्या तोंडाशी गाळ बसला होता. तो काढायला एकटाच उतरला. पायऱ्या शेवाळलेल्या. दुपारी जेवायला आला नाही म्हणून कौशल्या, त्याची बायको, डबा घेऊन गेली तेव्हा काठावर चप्पल आणि पाण्यावर त्याची टोपी. माणसं धावली. माझे चुलते रंगनाथकाका सगळ्यात आधी उतरले. त्यांनी आणि आणखी दोघांनी गजाननला वर काढलं. डोक्याच्या मागच्या बाजूला खोक पडलेली होती, म्हणजे पाय घसरून दगडावर आपटला आणि मग पाण्यात गेला. ती खोक काकांनी पाहिली, बाकीच्या दोघांनी पाहिली, बापूंनी तर हातानं धुतली.

मी त्या दिवशी गावात नव्हतो. तिसऱ्या दिवशी, सावडायला आलो तेव्हा सगळं कळलं. पोलीस पाटील म्हणाले होते, ठाण्यात कळवावं लागेल, पोस्टमार्टेम करावं लागेल. बापू मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "माझ्या लेकराला चिरू देणार न्हाई." मग गावानं काय केलं? गावानं माणुसकी केली. पाटलांनी मान खाली घातली, चार शहाण्या माणसांनी ठरवलं की बापाच्या मनाविरुद्ध जायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. ऊन उतरायच्या आत आंघोळ घातली, नवं धोतर पांघरवलं, बापूंनी खोकेवर टॉवेल बांधला आणि अग्नी दिला. गावाला त्या दिवशी आपण फार चांगलं वागलो असं वाटलं होतं. आजही मला त्या दिवसासाठी त्यांना दोष देता येत नाही. मी असतो तर मीही गप्पच राहिलो असतो.

महिन्याभरात बोलणं सुरू झालं. पट्टीचा पोहणारा गडी विहिरीत मरतो कसा? कौशल्या टेंभुर्णीची. त्याआधी आठवडाभर ती माहेरी होती, नवराबायकोचं काहीतरी वाजलं होतं, आणि ती परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे झालं. एवढं पुरेसं होतं. गजाननला वर काढणारे गप्प आणि ज्यांनी विहीर पाहिलीही नव्हती ते बोलके. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आमच्या गावाची जुनीच खोड. 'टेंभुर्णीवालीनं घालवला' असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या आणि ती आली की घागरी उचलायच्या.

मदतीचा अर्ज कौशल्याच्या नावानं करायचा हे मीच बापूंना सांगितलं. पोरगी लहान, जमीन कोरडवाहू, पैशाची गरज उघडच होती. पण बापूंच्या डोक्यात वेगळंच बसलं. मला म्हणाले, "पैसा येईल न जाईल. पण सरकारनं लिहून देलं की हा अपघात हाय, तर मंग हिला कोणी बोलणार न्हाई. बराबर हाय का न्हाई?" मी हो म्हणालो. सरकारी शिक्क्यानं पाणवठ्यावरची तोंडं बंद होतात असं मला वाटत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरं काही बोलवलं नाही.

अर्ज परत आला. तालुक्याच्या ऑफिसातला माणूस भला होता, त्यानं बापूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, बापूंना भांडता आलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला की बाबा, मृत्यू अपघातीच होता हे दाखवणारं यात काहीच नाही. बापू खुर्चीवरून उतरून फरशीवर बसले. येताना जीपमध्ये एकदाच बोलले, "टॉवेल कशाला बांधला असंल मी? खोक चार जणांनी पाहिली असती."

मग वर अपील केलं आणि जालन्याला सुनावणी लागली. प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे जबाब असतील तर बघू, असं कळलं होतं. बापूंनी महिनाभर घरोघरी फिरून माणसं तयार केली. एक जीप भरून आम्ही निघालो. कौशल्यानं सगळ्यांसाठी धपाटे बांधून दिले होते. रस्त्यात रंगनाथकाका बापूंच्या मांडीवर थाप मारून म्हणत होते, काळजी करू नको एकनाथ, मी सांगतो ना. दोघं एका वयाचे, एका आखाड्यातले. बापूंच्या तोंडावर त्या दिवशी थोडी पूर्वीची कळा आली होती. जीपवाल्याशी भाड्यावरून ते जुन्या आवाजात भांडलेसुद्धा.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "जखम होती हे कोण सांगेल?"

"मी सांगतो. मी धुतली."

"तुम्ही वडील आहात. आणखी कोणी?"

बापूंनी मागं वळून पाहिलं. साहेब म्हणाले, अवश्य सांगा, पण जबाबात हेही येईल की असा मृत्यू झाला असताना पोलिसांना का कळवलं नाही आणि कोणी कोणी मिळून अंत्यविधी उरकला. पोलीस पाटील खिडकीबाहेर पाहू लागले. एकाला लघवीला लागली. रंगनाथकाका माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांच्या मुलाची पोलीस भरती त्याच वर्षी चालू होती. ते म्हणाले, "गर्दी व्हती साहेब. मला नीट दिसलं न्हाई."

गजाननला खांदा द्यायला सगळं गाव पुढं होतं. बापूंनी साहेबांना नमस्कार केला, बाहेर येऊन पिशवी उघडली आणि सगळ्यांना धपाटे वाटले. काकांनाही एक दिला. काकांनी तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मला तेव्हा काकांचा इतका राग आला होता की मी परतीच्या जीपमध्ये बसलो नाही, जालन्यालाच राहिलो.

अपील फेटाळलं गेलं. कौशल्या मात्र बापूंना कधीच काही बोलली नाही. भिंतीपलीकडून मी कान देऊन असायचो, एखाद्या दिवशी तरी तिचा बांध फुटेल म्हणून. तिनं भांडी आपटली नाहीत, माहेरी निघून गेली नाही. सकाळी बापूंना चहा, दुपारी भाकरी, आणि दिवसभर त्या विहिरीच्याच रानात खुरपणं. बापू एकदा मला म्हणाले, "ती मला एकदा तरी शिवी देईल म्हणून मी वाट पाहून राह्यलो. पण देतच न्हाई."

त्यानंतर त्यांचं हे मयतांच्या मागं लागणं सुरू झालं. ते काही कायद्याचे जाणकार झाले नव्हते. कोणती मदत कोणाला मिळते याचा त्यांनी कायम घोळच घातला. एका आजारानं गेलेल्या म्हाताऱ्याच्या घरीही जाऊन ते पंचनामा विचारून आले होते आणि तिथल्या बायकांनी त्यांना शेणाच्या हातानं हाकललं होतं. त्यांना एकच वाक्य पाठ होतं. लोक अडून बसले, चिरू देणार नाही म्हणाले, की बापू खाली बसायचे आणि खूप हळू सांगायचे, "दुखत न्हाई त्याला. झोपेतच असतंय माणूस. नीट शिवून देत्यात." लोक ऐकले की ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत जायचे. पोस्टमार्टेमच्या खोलीबाहेर कडुलिंबाखाली बसलेल्या माणसांना स्वतःच्या पिशवीतली भाकरी आणि ठेचा द्यायचे, कारण मयताच्या घरी चूल पेटलेली नसते. आणि खोलीचं दार उघडायच्या आत उठून निघून जायचे. प्रेत बाहेर येताना ते कधी थांबले नाहीत.

काहींचं काम झालं. एकदा चतुर्थीला एक तरुण बाई राजूरचे पेढे घेऊन त्यांच्या घरी आली. तिचा नवरा शॉक लागून गेला होता, मदत मंजूर झाली होती. ती बापूंच्या पाया पडून खूप रडली. कौशल्यानं तिला पाणी दिलं, कुंकू लावायला गेली आणि मग दोघींच्याही लक्षात आलं, तशा दोघी थांबल्या. बाई गेल्यावर कौशल्यानं पेढा देवापुढं ठेवला. बापू ओट्यावर बसले होते. ती दारातून म्हणाली, "बापू, पिंकीला एक देऊ का पेढा?" तिनं विचारलं ते फक्त एवढंच. बापू उठून शेताकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मीच त्यांना बोलवायला गेलो. विहिरीच्या काठावर उकिडवे बसले होते. मी दंडाला धरून उठवलं, तेव्हा म्हणाले, "भिऊ नको. म्या उडी मारली तर लोक म्हणतील पोरानंबी मारली. तेवढं समजतंय मला." त्या माणसाला जगायला एवढंच कारण उरलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी त्यांच्यासोबत रडलो.

गेल्या वर्षी रंगनाथकाका गेले. राजूर फाट्यावर त्यांच्या मोटारसायकलला मालाचा टेम्पो धडकला. कोणीतरी जीपमध्ये घालून त्यांना सरळ घरीच आणलं. काकू काकांच्या अंगावर पडून एकच म्हणत होती, ह्यांना आता कुठं नेऊ नका, कापू नका. पोलिसात नोकरीला लागलेला त्यांचा मुलगा लांब, परजिल्ह्यात. घरात शहाणा म्हणावा असा मीच, आणि काकूचे हात सोडवायची माझी हिंमत होत नव्हती. मला वाटलं, मरू दे ते कागद, होऊ दे तिच्या मनासारखं.

दारात सावली पडली. सुनावणीनंतर बापूंनी काकांच्या घराची पायरी चढलेली नव्हती. काकूनं वर पाहिलं आणि पदर तोंडात घातला. बापू दारातच बसले, आणि या वेळी त्यांनी पंचनाम्याचं विचारलं नाही.

"वहिनी, म्या केलं तसं करू नका," ते म्हणाले. "पाया पडतो."

काकूनं हात सोडले.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आम्ही बसलो. बापूंनी पिशवी उघडून काकूच्या हातात भाकरी दिली, तिनं ती खाल्ली. मी बापूंच्या शेजारी बसलो होतो. गजाननची जखम पाहिलेल्यांपैकी एक आता आत टेबलावर होता. दुसरा केव्हाच गाव सोडून गेलेला, तिसरा बापूंना पाहिलं की रस्ता बदलणारा. काका कधी ना कधी बोलतील असं बापूंना वाटत होतं की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही. तेच म्हणाले, "रंग्यानं पाहिल्ती. त्याला माहीत व्हतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला ऐकायला सोपं गेलं असतं.

नेहमीप्रमाणे ते आता उठतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते उठले नाहीत. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "खरंच दुखत नसंल ना रे? म्या इतक्यांना सांगत आलो. मला काय माहीत?"

"नाही दुखत, बापू," मी म्हणालो.

दार उघडलं. पांढऱ्या कापडात बांधलेले काका स्ट्रेचरवर बाहेर आले. आम्ही पुढं झालो, बापूही आले. छातीवरचं कापड एका जागी सैल झालं होतं. बापूंनी ते दोन बोटांनी थोडं बाजूला केलं. गळ्याखालून निघून पोटाकडं गेलेली दोऱ्याची शिलाई दिसली, पोत्याचं तोंड शिवतात तशी. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि तो हळूहळू खाली नेला. बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे तसा.

"एवढंच?" ते म्हणाले.

त्यांनी कापड नीट केलं, कडा अंगाखाली खोवल्या. "एवढंच करत्यात व्हय," ते पुन्हा म्हणाले, आणि फाटकाकडे चालायला लागले. भाकरीची पिशवी लिंबाखाली तशीच राहिली होती. मी हाक मारली, पण त्यांनी मागं पाहिलं नाही.